गोळी गिळणारी पार

दिघोरीच्या निशाणेबाजी क्लबात उभ्या आयुष्यात बंदुकीचा घोडा न ओढलेला एकच सभासद होता, तो म्हणजे सुखराम कापगते. बंदूक त्यांनी हातात घेतली असेल ती फक्त बाजूला सरकवायला, आणि तीही अशी की जणू तिच्या पोटात साप झोपलाय. तरीही पंच्याऐंशी-शहाऐंशी सालापर्यंत लाखांदूरच्या बाजारात क्लबाचा विषय निघाला की लोक आधी विचारायचे, "सुखरामजीची पार पाह्यली का?" नेमबाज कोण, बक्षीस कोणाला, हे नंतर.

हा क्लब निघाला कसा, तर रिकामपणातून. जंगलाच्या कडेचं गाव. धानात रानडुकरं शिरायची, म्हणून बऱ्याच घरांत परवान्याची भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक असे. नाव पिकाच्या राखणीचं आणि चव सशाची, असा सगळा कारभार. बहात्तर साली शिकारबंदीचा कायदा आला आणि बंदुका खुंटीवर टांगल्या गेल्या. मग त्यांचे मालक चावडीवर बसून जुन्या शिकारी सांगू लागले. बंदुकीला गंज चढत होता आणि गोष्टीतला वाघ वर्षागणिक हातभर वाढत होता.

अशात पुंडलिकराव हवालदार फौजेतून पेन्शन घेऊन गावात परतले. त्यांनी महिनाभर त्या गोष्टी ऐकल्या आणि शेवटी म्हणाले, "इतके सगळे नेमबाज असून गावाले एक निशाणा नाही, हे बरोबर नाही." भंडाऱ्याला खेटे घालून त्यांनी परवानगी आणली, दोन छोट्या रायफली आणल्या, गावाबाहेरचा पडीत माळ मिळवला. आता निशाण्यामागे गोळी अडवायला मातीचा मोठा बांध हवा होता. फौजेत त्याला जे काय म्हणतात ते हवालदारांनी सांगितलं, पण गावानं ऐकून घेतलं आणि एका तोंडानं म्हटलं, "म्हंजे पार!" आणि सगळ्यांच्या माना सुखरामजींकडे वळल्या.

त्याला कारण होतं. सुखरामजींचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारं. गावच्या मोठ्या तळ्याची पार त्यांच्या आज्यानं घातलेली, बापानं उंच केलेली, आणि एका पुरात ती फुटली तेव्हा सुखरामजींनी ती तरण्या वयात पुन्हा बांधलेली. त्यांचं घर त्याच पारीच्या पायथ्याशी होतं. वर तळं आणि खाली चूल. पावसाळ्यात पाहुणा आला तर त्याला झोप लागत नसे, घरचे मात्र घोरत.

त्या घराण्याची एक रीत होती. पार बांधून झाली आणि तळं पहिल्यांदा तुडुंब भरलं, की बांधणाऱ्यानं पारीच्या पायथ्याशी, कोरड्या अंगाला, पाठ टेकून बसायचं आणि तिथंच शिदोरी खायची. पार फुटलीच तर पहिला तो जाईल. सुखरामजी असे बसले होते तेव्हा त्यांची नवी नवरी धुरपता शिदोरी घेऊन आली. डोक्यावर पाणी लाटा मारतंय, नवरा खाली आरामात बसलाय. पोर क्षणभर घाबरली. मग म्हणाली, "तुमी बसले त मी काहून भेऊ?" आणि पदर सावरून शेजारी बसली. सुखरामजी म्हातारपणीसुद्धा ही गोष्ट सांगायचे, आणि सांगताना धुरपता जवळपास नाही ना एवढं बघून घ्यायचे.

तर अशा माणसानं क्लबाची पार घातली, आणि तिच्याबरोबर क्लबाला श्रमदानाची सवय लावून दिली. वर्षातून दोनदा, धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपला की एकदा आणि पावसाच्या आधी एकदा. त्या दिवशी सुखरामजी सकाळीच गावभर फिरून दारोदार हाक द्यायचे. "चाला गा, पारीवर चाला!" बंदूकवाले यायचे, बिनबंदूकवाले यायचे, बाया टोपल्या घेऊन यायच्या. पुरुषांनी खोदायचं, बायांनी वाहायचं. नेमबाज जिथं पडून नेम धरत, तो मांडव धानाच्या नव्या तणसानं शाकारायचा. खांबांना चुना. पारीत रुतलेलं शिसं उकरून काढायचं, ते ढिवरांना द्यायचं. त्यांच्या जाळ्यांना वजन म्हणून ते पुन्हा तळ्यात पोहायला जायचं. धोक्याचं लाल निशाण म्हणून काठीवर धुरपताबाईंचं जुनं लुगडं फडकत असे. हवालदार शिटी वाजवत फिरत. त्यांच्या शिटीला कोणी भीत नसे, पण ती वाजली नाही तर लोकांना चुकल्यासारखं होई.

आणि दुपारी मोहाच्या सावलीत पंगत. लाखोळीची डाळ, भात, वांग्याची भाजी. सगळा स्वयंपाक धुरपताबाईंच्या देखरेखीखाली. त्या आल्या की गावच्या बाया आल्या, त्या नाहीत तर कोणी नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. सुखरामजी जेवून पारीकडे बघत पडायचे. त्या वेळी ते इतके सुखी असत की त्यांच्याशी बोलायला जाणं बरं वाटत नसे.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात या सुखाला तडा गेला. पाऊस असा झोडपला की क्लबाच्या पारीचं पुढचं अंगच घसरून खाली आलं. चुरणा आटोपल्यावर श्रमदान ठरलं, सव्वीस जानेवारीच्या स्पर्धेआधी पार उभी करायची होती. नेमके हवालदार गावात नव्हते. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ते लेकीकडे बपेऱ्याला जाऊन राहिले होते.

सुखरामजींनी पारीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचार केला. तळ्याची पार असती तर काय केलं असतं? ज्या अंगाला लाटेचा मार, त्या अंगाला दगड बसवले असते. मग इथं मार कोणत्या अंगाला? निशाण्याच्या अंगाला! झालं तर. नदीतून बैलगाड्यांनी दगड आले आणि सुखरामजींनी पारीचं अख्खं पुढचं अंग दगडांनी असं मढवलं की बघणाऱ्यानं हात फिरवावा.

आता क्लबात बंदूकवाल्यांचा काय तोटा होता? एकाच्या तरी डोक्यात शिरायला हवं होतं. पण ही माणसं बंदुकीची नंतर आणि तळ्याची आधी. आईच्या कडेवर असल्यापासून दगडी पारी बघितलेल्या. सगळे उभे राहून वाहवा करत होते. क्लबाचे चिटणीस टेकचंद किराणावाले तर म्हणाले, "सुखरामजी, आता शंभर साल पाहाले नको!"

शंभर साल राहू द्या, ती पार सव्वीस जानेवारीच्या सकाळपुरतीच टिकली.

झेंडावंदन झालं, माणसं जमली. मैदानाच्या कडेला मोहाखाली धुरपताबाई पाण्याचा नवा माठ घेऊन बसल्या होत्या. पहिला मान चिटणिसांचा. टेकचंद मांडवात पालथे पडले, बराच वेळ नेम धरला आणि घोडा ओढला. निशाण्याला काही लागलं नाही. दगडावर मात्र टण्ण असा आवाज झाला आणि त्याच दमात मोहाखाली माठ फुटला.

गार पाणी धुरपताबाईंच्या मांडीवरून वाहू लागलं. त्यांच्या एका हातात पेला होता, तो तसाच. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. माठ त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता, एवढंच.

बपेऱ्याहून निघालेले हवालदार त्याच वेळी मोटारीतून उतरून येत होते. टण्ण ऐकताच डोळ्याला हिरवी पट्टी, हातात पिशवी, अशा अवतारात ते पळत सुटले. "बंद! बंद करा!" ते आले, त्यांनी आधी धुरपताबाईंकडे बघितलं, मग पारीकडे. मग सुखरामजींकडे वळून हळूच म्हणाले, "सुखराम, ये क्या कर दिया रे? ही त तळ्याची पार झाली. तळं कुठी हाये?"

सुखरामजी फुटक्या माठाच्या खापऱ्या गोळा करू लागले.

"पानी अडवाचं असते," हवालदार म्हणाले, "गोळी अडवाची नसते. गोळी गिळाची असते. नरम माती पाह्यजे, खडा बी नको. दगडावर पडली त ते वापस घरी येते."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. टेकचंद इकडेतिकडे बघत "मी म्हनतच होतो" असं काहीसं पुटपुटले, पण त्यांनी काय म्हटलं होतं ते सगळ्या गावानं ऐकलेलं होतं. हवालदारांनी निशाणाचं लुगडं उतरवलं आणि क्लबाला कुलूप लावलं.

घरी येऊन धुरपताबाईंनी ओलं लुगडं वाळत घातलं. संध्याकाळी चुलीपुढे बसून त्यांनी वर, छपराच्या मागे उभ्या असलेल्या तळ्याच्या पारीकडे बघितलं आणि विचारलं, "हे पार बी तुमीच बांधली ना जी?"

सुखरामजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. गोळीनं माठ फोडला होता, पण या एका प्रश्नानं त्यांचं काळीज फोडलं. इतकी वर्षं ही बाई या पारीखाली झोपली, इथंच लेकरं वाढवली, कधी एका शब्दानं विचारलं नाही. आता विचारलं.

"ते पार वेगळी हाये, धुरपता."

"मले काय समजते? मले एवढं समजते का क्लबाची बी पक्की हाये म्हनले होते तुमी." मग त्या भाकरी उलटत म्हणाल्या, "यंदा पावसाआधी मी माहेरी जाते, आसगावले. पानकाळा सरला का येईन. त्या क्लबात त माझा पाय पडनारच नाही."

भांडण झालं असतं तर सुखरामजी भांडले असते. पण धुरपताबाईंचा आवाज चढलाच नाही. त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि आपल्या बायकोला आपल्याच पारीची भीती वाटावी, याहून मोठी नामुष्की तळं बांधणाऱ्याला दुसरी नाही.

उन्हाळा लागला. हवालदारांच्या डोळ्याची पट्टी निघाली आणि त्यांनी श्रमदानाचे दिवस ठरवले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून सुखरामजी रोज सकाळी एकटेच माळावर जात होते. स्वतः बसवलेले दगड ते एकेक करून उपटत होते. इतके घट्ट बसवलेले की निघता निघेनात. एकदा हवालदार बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बांधला मात्र कमाल होता रे." सुखरामजी हसले. किती दिवसांनी! ते दगड त्यांनी गाडीत घालून मोठ्या तळ्यावर नेले आणि जिथं लाटेचा मार होता तिथं बसवले. दगड आपल्या घरी गेले.

श्रमदानाच्या दिवसांत सुकलेल्या बोडीतला, म्हणजे लहान तळ्यातला, गाळ आला, वारुळांची माती आली. माणसं आली, पण एकजात पुरुष. धुरपताबाई नाहीत म्हणून बाया नाहीत, आणि बाया नाहीत म्हणून पंगत नाही. प्रत्येक जण आपापलं फडकं सोडून कोपऱ्यात भाकर खायचा. खरी पंचाईत मातीची होती. तिच्यात खडा राहता कामा नये. पुरुषमाणसं चाळणी घेऊन बसली, पण त्यांची तऱ्हा अशी की चार टोपल्या चाळल्या की बिडी, बिडी झाली की तंबाखू, आणि खडे चाळणीखालून सटकतायत याचा पत्ता नाही. हवालदारांची शिटी वाजून वाजून बसली.

सुखरामजी रोज घरी विचारायचे, "येत का, धुरपता?"

"मले तांदूळ निवडाचे हायेत."

एवढे तांदूळ त्या घरात कोण खात होतं कोणास ठाऊक. दाराआड माहेरच्या वाटेचं बोचकंही बांधून तयार होतं.

पार उभी राहिली. मऊ, गुबगुबीत, लोण्यासारखी उतरती. मिरगाला अवकाश होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या गोळ्या झाडून बघायच्या ठरल्या, तेव्हा सुखरामजी म्हणाले, "हवालदारजी, मी मागं बसतो."

"कुठी मागं?"

"पारीमागं. पाठ टेकून. आमच्या घरची रीत हाये."

"डोस्कं फिरलं का? हे फौजेच्या कायद्यात बसत नाही."

"फौजेत पार बांधनारा कुठी बसते मंग?"

हवालदारांनी समजावलं, दटावलं, शिटीसुद्धा वाजवली. शेवटी म्हणाले, "ठीक हाये. पन बंदूक मी एकटा चालवीन. पाच गोळ्या, पडून. दुसऱ्या कोनाले हात लावू देनार नाही. आन माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हाये, ध्यानात हाये ना?"

"मंग त पह्यल्यापेक्षा जास्तच दिसत असन," सुखरामजी म्हणाले.

सकाळी गाव जमला. सुखरामजी पारीमागे जाऊन बसले. पाठीला माती गार लागत होती. आज्याची आठवण आली, बापाची आली. भीती वाटत नव्हती असं नाही; पण ती गोळीची नव्हती. ही पार पास झाली तरी घरी दाराआड ते बोचकं तसंच राहील, याची होती.

मागच्या पायवाटेवर पावलं वाजली. डोक्यावर नवा माठ, हातात शिदोरी, अशा धुरपताबाई धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून येत होत्या. मैदानाकडून त्या कोणालाच दिसत नव्हत्या.

"तू कायले आली? जाय वापस!" सुखरामजी उठू लागले. "आता गोळ्या चालतीन!"

"टेकचंदाच्या बाईनं सांगतलं का तुमचे घरचे पारीमागं मराले बसून राह्यले." त्यांनी माठ खाली ठेवला, त्यावरचं झाकण काढलं आणि नवऱ्याकडे न बघता शेजारी बसल्या, पाठ टेकून. "बसा खाली. शिदोरी कोन खाते मंग?"

शिटी वाजली. सुखरामजींना ओरडायचं होतं, पण हवालदार घोडा ओढण्याच्या बेतात असतील, ऐन वेळी दचकतील, म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला.

पहिली गोळी आली. धप्प. तान्ह्या पोराच्या पाठीवर थापटावं, एवढाच आवाज. धुरपताबाईंची नजर माठातल्या पाण्यावर होती. दुसरी आली, तिसरी आली. पाणी जिथल्या तिथं होतं. पाचवी झाली तरी त्यात आभाळ जसंच्या तसं दिसत होतं.

लांबलचक शिटी वाजली आणि हवालदार धापा टाकत मागे आले. तिथं एका डोक्याच्या जागी दोन होती. हवालदार दोघांसमोर मांडी घालून बसले. "बाई," ते म्हणाले, "लढाईत बी माझा हात नाही थरथरला. आता पाहा." त्यांनी हात पुढे केला. धुरपताबाईंनी त्यांना पेलाभर पाणी दिलं.

मग त्या उठून पारीच्या पुढच्या अंगाला गेल्या. मागे नवरा, हवालदार आणि सगळा क्लब. पाच भोकं जवळजवळ होती, मातीनं गोळ्या आत ओढून घेतल्या होत्या. लोक माना डोलवत होते. पण धुरपताबाई भोकं बघत नव्हत्या. त्या वाकल्या, नखानं माती उकरून त्यांनी बोराएवढा खडा काढला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही खडे तळहातावर घेऊन त्या वळल्या.

"हे माती कोनं निवडली?"

क्लबातला एकही नेमबाज पुढे आला नाही. टेकचंद लांबच्या मांडवाचा खांब न्याहाळू लागले.

"माझ्या घरी तांदूळ निवडाले अशी बाई आली असती त मी तिले उपाशी वापस पाठवली असती," त्या म्हणाल्या. "वरचा हातभर थर काढा. उद्या सुपं घेऊन येतो आमी बाया. आन हवालदारजी, डाळ भिजत घालाले सांगा, पंगत होईन."

एवढं बोलून त्या घराकडे निघाल्या. सुखरामजी सगळ्यांनी पाणी पिऊन रिकामा केलेला माठ घेऊन त्यांच्या मागे. मोठ्या तळ्याच्या पारीवर चढल्यावर त्या थोडं थांबल्या. खाली त्यांचं घर दिसत होतं, छपरावर वाळत घातलेली लुगडी दिसत होती. तळ्याच्या अंगाला क्लबातून आणलेले दगड नीट बसवलेले होते. त्यांनी पायानं एक दाबून बघितला. हलला नाही.

"आसगावले निरोप धाडा जी," धुरपताबाई म्हणाल्या. "म्हना, यंदा येत नाही. इथं धड माती निवडता येत नाही कोनाले."

सुखरामजी हो म्हणाले. मग त्यांनी माठ दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि दोघं पार उतरून घरी गेली.